ओल्या, सुक्या आणि राखेचा पत्ता

मी डबा बोलतोय. हो, कचऱ्याचाच. पण नाक दाबायची गरज नाही, मी सुक्या कचऱ्याचा डबा. वास मारतो तो माझा शेजारी. लोकांना एवढा साधा फरक कळत नाही, आणि माझ्या आयुष्याची सगळी रामकहाणी त्या फरकातूनच घडली.

जन्माने मी तेलाचं पिंप. तेल संपलं, गंज चढला, आणि एका वेल्डरने मला नवा जन्म दिला. त्याने मला झाकण बसवलं आणि झाकणाला खिट्टी लावली. साधीसुधी नाही, आधी वर उचलायची, मग आत ढकलायची, मग बाजूला ओढायची. "रानडुकराच्या बापाला उघडायची नाही," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. खरं बोलला बिचारा. रानडुकराच्या बापाला ती आजवर उघडली नाही. आणि बरीच वर्षं माणसाच्या बापालाही नाही.

मला आणून ठेवलं ते एका तळ्याकाठच्या मैदानावर. शहरातली माणसं सुट्टीत इथे तंबू ठोकून राहायला येतात. वीस-बावीस तंबूंची जागा, कोपऱ्यात एक नळ, आणि फाटकाशी मामांची खोली. मामा म्हणजे मैदानाचे राखणदार. ते सख्खे मामा कुणाचेच नाहीत, पण एकोणीस वर्षांत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. माझ्या शेजारी ओल्या कचऱ्याचा डबा. त्याला मी ओल्या म्हणतो, तो मला सुक्या म्हणतो. त्याच्याभोवती सदा माशांचा दरबार भरलेला. मी आपला एकलकोंडा.

माणसांची मला मोठी गंमत वाटते. मोकळी हवा खायला म्हणून येतात आणि दोन दिवसांत चार पोती कचरा करून जातात. घरी एक चमचा पुरतो, इथे माणशी पाच लागतात, तेही वापरून टाकायचे. मग पिशवी घेऊन माझ्यासमोर येतात. खिट्टी हलवतात, झाकण बडवतात, एखादा लाथही घालतो. उघडलं नाही की इकडेतिकडे बघून पिशवी माझ्या पायाशी ठेवतात आणि शीळ घालत निघून जातात. कुणीतरी दारात दुधाची पिशवी ठेवावी तसं! पुढचं काम कावळे आणि डुकरं करतात. सकाळी मैदानभर कागद, साली, डबडी, आणि मामा कंबरेत वाकून एकेक उचलताहेत.

अशाच एका सकाळची तक्रार वरच्या साहेबांकडे गेली. पुढच्या महिन्यात ओल्याच्या वासाची दुसरी गेली. साहेब जीपमधून आले, नाकाला रुमाल लावून आम्हा दोघांभोवती फिरले आणि म्हणाले, "मामा, आता मात्र हद्द झाली. तिसऱ्यांदा घाण दिसली ना, तर हे डबे भंगारात, मैदानाला कुलूप, आणि तुम्ही शहरातल्या गोदामात. रविवारी अकराला पाहणीला येतो."

जाताना त्यांनी दोन नव्याकोऱ्या पाट्या दिल्या. एकीवर लिहिलेलं 'ओला', दुसरीवर 'सुका'. बस्स, एवढंच.

मामांनी पाट्या आमच्या गळ्यात अडकवल्या. मग फडकं भिजवून आणलं आणि आम्हाला पुसत बसले. "त्या गोदामाला खिडकी नाही रे," ते ओल्याला म्हणाले. ओल्याला माणसांशी बोलता येत असतं तर तो काहीतरी बोलला असता. मला भंगाराची भीती नव्हती असं नाही, कुणाला नसते? पण झाडाखाली एकोणीस वर्षं काढलेला हा माणूस चार भिंतींत खोकी मोजत बसलेला मला दिसायला लागला, आणि माझं पत्र्याचं काळीज गलबललं. येऊन जाऊन प्रश्न एवढाच होता, रविवारी अकरा वाजेपर्यंत मैदान स्वच्छ राहील का?

आणि शनिवारी आत्या आली.

गाडीतून चौघं उतरली. आत्या, तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि कॉलेजात जाणारी भाची. भावाचं वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर केस मोजून नऊ, पण आत्या त्याला 'छोटू' म्हणायची. आत्या टपाल खात्यातून निवृत्त झालेली. बत्तीस वर्षं पत्रं वेगळी करायची, म्हणजे कोणतं पत्र कोणत्या खणात जाणार ते बघायचं, हेच तिचं काम. "बत्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या खणात गेलं नाही," हे वाक्य तिने तंबूची पहिली खुंटी ठोकायच्या आत दोनदा म्हटलं.

चूक हा शब्दच त्या बाईच्या कोशात नव्हता. एका वर्षी म्हणे तिने छोटूचा वाढदिवस महिनाभर आधीच साजरा केला. त्याने भीत भीत सांगितलं, तर म्हणाली, "मग तू उशिरा जन्मलास, त्याला मी काय करू?" हा किस्सा भावजयीने मामांना हळूच सांगितला तेव्हा मी ऐकला.

आत्या सरळ आमच्याकडे आली. खिट्टी बघितली. उचलली, ढकलली, ओढली. झाकण उघडलं! एका झटक्यात! मी तर आ वासून राहिलो.

"पेटीचं तोंड चांगलं आहे," ती म्हणाली. "पत्रपेटी शोभशील." आणि माझ्या झाकणावर हलकेच टपली मारली.

खोटं कशाला बोलू, मी विरघळलो. आजवर लाथा खाल्लेल्या, टपली पहिलीच.

मामांनी तिला साहेबांची गोष्ट सांगितली, गोदामाचीही. आत्याने पदर खोचला. "मामा, तुम्ही निर्धास्त राहा. उद्या तुमच्या मैदानावर गवताची काडी वाकडी दिसणार नाही. पाट्या आहेत ना? मग झालं. पाटीवर लिहिलंय तसं करायचं, आपली अक्कल चालवायची नाही."

तिथेच सगळं फसलं.

रविवारी सकाळी आठ वाजता आत्याने वर्गवारी मांडली. एका चादरीवर सगळा कचरा पसरला आणि एकेक वस्तू उचलून बघायला लागली. आता हे लक्षात घ्या की बाई कमालीची स्वच्छ. घाण वस्तू डब्यात टाकायची म्हणजे तिला पाप वाटे. तिने सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, पुडे, बाटल्या बादलीत घासून लख्ख धुतल्या. मग एक पिशवी उचलली. टपटप पाणी गळत होतं.

"ओला," आत्या म्हणाली, आणि पिशवी ओल्याच्या पोटात गेली.

ओल्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं.

मग आला पावाचा तुकडा. कालचा, कडकडीत वाळलेला. "सुका." माझ्या पोटात. केळ्याची साल आली तेव्हा ती जरा अडली. बाहेरून वाळलेली, आतून ओलसर. तिने सालीचे दोन भाग केले आणि सुकलेला मला, ओला त्याला दिला. आंघोळीला गेलेल्या छोटूचं वर्तमानपत्र दवाने भिजलं होतं, तेही ओल्याकडे गेलं. छोटू परत आला तर त्याचा ओला मोजाही त्याच वाटेवर होता, तो त्याने झडप घालून वाचवला.

"ताई," तो चाचरत म्हणाला, "ओला म्हणजे तसा ओला नव्हे गं. म्हणजे जे कुजतं ते..."

"पाटीवर कुजका लिहिलंय?"

"नाही, पण..."

"मग गप. पाकिटावर लिहिलंय तिथे पत्र जातं. पोस्टमनने मनाने पत्ता बदलायचा नसतो."

छोटूने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने भाचीकडे पाहिलं. मामा तेव्हा तळ्याच्या पलीकडे झाडत होते, नाहीतर पुढचं टळलं असतं.

शेवटी उरलं भांडी धुतलेलं पाणी, चांगलं बादलीभर. आत्याने क्षणभर विचार केला. "पाण्याहून ओलं काय असणार?" आणि अख्खी बादली ओल्यात रिकामी केली. ओल्याच्या गळ्याशी आलं सगळं.

"सुक्या," तो मला गुळण्या केल्यासारख्या आवाजात म्हणाला, "मला पोहता येत नाही रे."

मी हसलो. नको होतं हसायला, कारण आता माझी पाळी होती.

आदल्या संध्याकाळी त्यांनी चूल पेटवली होती. चुलीत राखेचा ढीग होता, वरून पांढराशुभ्र आणि शांत. आत्याने परातीत राख भरली. "राख म्हणजे सुक्यातलं सुकं," ती समाधानाने म्हणाली, आणि कागदी ताटल्या, खोकी, पुठ्ठे यांनी गच्च भरलेल्या माझ्या पोटात ती परात ओतली. झाकण लावलं, खिट्टी घातली. मैदान आरशासारखं चकचकीत. सव्वादहा वाजले होते.

अर्ध्या तासाने माझ्या पोटात जळजळ सुरू झाली.

"ओल्या," मी म्हणालो, "मला छातीत जळजळतंय."

"शिळा पाव खाल्लास ना, पित्त झालं असेल," ओल्या म्हणाला.

पित्त कसलं! राखेखालचा निखारा जिवंत होता. आधी एक ताटली पेटली, मग खोकं, मग सगळंच. झाकणाच्या फटीतून धूर निघायला लागला. माझ्यापासून तीन पावलांवर तंबूचे दोर, आणि सगळीकडे वाळलेलं गवत. रानडुकराला थोपवलं, कावळ्यांना थोपवलं, आता मीच मैदान जाळणार की काय, या विचाराने मला घाम फुटला असता. पण माझ्या अंगावर तेव्हा पाण्याचा थेंब टिकत नव्हता.

"धूर! आत्या, डब्यातून धूर येतोय!" भाची ओरडली.

मामा तळ्याकडून धावत आले. फडकं हाताला गुंडाळून त्यांनी खिट्टी काढली, झाकण उघडलं, आणि आतून हातभर ज्वाळ वर आली. "पाणी आणा, पाणी!"

छोटूने बादली उचलली. रिकामी. नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"जळलं मेलं," ती पुटपुटली, "पाणी तर मी..."

आणि तिने ओल्याकडे बोट केलं.

मामांनी एक क्षण घालवला नाही. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने छोटू. दोघांनी ओल्याला उचललं आणि माझ्या तोंडावर पालथा घातला. भांड्यांचं पाणी, धुतलेल्या पिशव्या, अर्धी केळ्याची साल, भिजलेलं वर्तमानपत्र, चहाचा चोथा, सगळं एकदम माझ्या पोटात! चर्रर्र झालं, वाफेचा लोट उठला, आणि आग विझली. भाची तोवर नळावरून दुसरी बादली घेऊन आली, तीही ओतली. मी बुडापर्यंत काळाठिक्कर, पण जिवंत.

"सुक्या, आहेस ना रे?" ओल्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "तुझा चहाचा चोथा माझ्या नाकात गेलाय, पण आहे."

तेवढ्यात फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. अकरा.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आमच्याभोवती काळं पाणी, त्यात ताटल्यांचे जळके तुकडे, साली आणि पिशव्या. साहेब उतरले ते नेमके चोथ्यावर पाय देऊन. त्यांनी बूट बघितला, मला बघितलं, मग मामांना.

"हे काय आहे, मामा?"

मामांनी मान खाली घातली. "माझंच लक्ष नव्हतं, साहेब. पलीकडे झाडत होतो."

"मग ठरल्याप्रमाणे. उद्यापासून गोदामात हजर व्हा."

मी आत्याकडे बघत होतो. तिच्या हातात अजून परात होती. तिने ओठ घट्ट मिटले होते, आणि मला कळत होतं की तिच्या आत बत्तीस वर्षं उभी राहून तिला मागे ओढताहेत. मामांचा हात खिशातल्या खोलीच्या किल्लीकडे गेला.

"थांबा," आत्या म्हणाली. "मामांनी काही केलेलं नाही. राख मी टाकली. चूक माझी आहे."

छोटू मटकन स्टुलावर बसला. पन्नास वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलं होतं.

साहेब तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने बोट वर केलं. "पण अख्खी नाही, निम्मी. उरलेली निम्मी तुमची."

"माझी?"

"ही पाटी तुमच्या कचेरीतली ना?" आत्याने वाकून चिखलातून एक पिशवी उचलली. पाणी गळतच होतं. "धुतलेली पिशवी. कुठे टाकाल?"

"ओल्यात," साहेब पटकन म्हणाले. मग थांबले. "नाही, सुक्यात. पण ओली आहे म्हणजे..."

"आणि हा कडक पाव?"

"सुक्यात... नाही, ओल्यात. तो कुजणार ना." साहेबांनी खिशातून रुमाल काढला, या खेपेला नाकासाठी नाही, कपाळासाठी.

"राख?"

साहेब बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. पाटीने काही मदत केली नाही.

"साहेब, मी टपालात होते," आत्याचा आवाज जरा खाली आला. "अर्धवट पत्ता लिहिलेलं पत्र चुकीच्या घरी गेलं, तर त्याचा राग दारावरच्या राखणदारावर काढायचा नसतो. मामांना इथेच राहू द्या. पत्ते मी लिहून देते. पूर्ण."

साहेबांनी मामांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटावरच्या चोथ्याकडे. आणि काय झालं कोण जाणे, ते हसले. "लिहा," म्हणाले. "पण हा जळका डबा भंगारात टाका. बूड गेलंय त्याचं."

मामा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. बोलली आत्याच.

"भंगारात कशाला? हा आता राखेला ठेवा. एकदा जळून निघालाय, याला काय पुन्हा जळायचं भय?"

असा माझा तिसरा जन्म झाला, आणि मामांनी त्याच दिवशी मला आणि ओल्याला नळाच्या वाटेवर हलवलं. जाण्याआधी आत्याने रंगाचा डबा घेऊन तीन पाट्या रंगवल्या. ओल्याच्या पाटीवर लिहिलं, 'जे कुजतं ते. साली, चोथा, खरकटं, शिळा पाव. पाणी नको.' माझ्या जागी येणाऱ्या नव्या डब्यासाठी लिहिलं, 'जे कुजत नाही ते. धुतलेलं असलं तरी इथेच.' आणि माझ्या गळ्यात पाटी आली, 'मु. पो. राख. आधी पाणी ओता, ढवळा, हात लावून बघा. गार लागली तरच आत.' खाली बारीक अक्षरात खिट्टी कशी उघडायची तेही लिहिलं. तेव्हापासून माझ्या पायाशी पिशवी ठेवून कुणी शीळ घालत गेलेलं नाही.

गाडीत बसताना आत्याने पुन्हा माझ्या झाकणावर टपली मारली. "येते रे. पोचल्यावर पत्र टाकते."

टाकते! मला जरा लागलंच ते. आयुष्यभर ज्याने त्याने माझ्यात टाकलंच तर आहे. आता हिचीही त्यात भर, असं मनात आलं. टाकणे या शब्दाचा मला एकच अर्थ ठाऊक होता.

तीन आठवड्यांनी पोस्टमन आला. मामांनी कार्ड हातात घेतलं, पत्ता वाचला आणि हसत हसत माझ्याकडेच चालत आले. 'राखेचा डबा, नळाच्या वाटेवर डावीकडे, ओल्याच्या शेजारी, मामांच्या देखरेखीखाली.' मग त्यांनी मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. "बूड बरं आहे ना? लोक हात लावून बघतात ना? त्यांना सांगा, मी लावून बघितला नव्हता. छोटूचा वाढदिवस यंदा बरोबर तारखेला केला. तो रडला, येडा."

आता मी नळाच्या वाटेवर उभा असतो. बूड गंजलंय, मामा म्हणतात अजून दोनेक वर्षं निघतील. माझ्या जागी सुक्या कचऱ्याला हिरवा प्लास्टिकचा डबा आलाय, पोरगा तोऱ्यात असतो, पण शिकेल. ओल्याभोवती माशांचा दरबार तसाच आहे. तुम्ही कधी तंबू घेऊन आलात तर एवढंच करा, राख माझ्याकडे आणायच्या आधी तिला भरपूर पाणी पाजा आणि हात लावून बघा. पांढऱ्या रंगावर जाऊ नका.

आणि माझ्या झाकणाच्या कडीत तारेने अडकवलेलं एक कार्ड दिसेल, त्याला तेवढा हात लावू नका. कागद म्हटल्यावर ते हिरव्या डब्यात जायला हवं, मामांना ते पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी ते कार्ड घेऊन हिरव्यापर्यंत गेलेसुद्धा होते. मग मागे वळले. म्हणाले, "हे कचऱ्यात कसं टाकू? हे तर तुला टाकलंय."